निवडणूक खर्चाचा हिशेब: खातं उघडण्यापासून पोच हातात पडेपर्यंत

निकाल लागून तीन आठवडे उलटले की माझ्या टेबलावर पिशव्या यायला लागतात. मागच्या एका पिशवीत डिझेलच्या पंधरा-वीस स्लिपा होत्या, निम्म्यांवरची अक्षरं उडालेली. मंडपवाल्याची पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर तारीख नाही. आणि सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं ‘चहा ८४०’. पिशवी आणणारा उमेदवाराचा पुतण्या. म्हणाला, “एवढ्यावरनं बसवा की हिशेब.”

असा बसवलेला हिशेब पहिल्याच नोटिशीत उघडा पडतो, कारण तुमच्या खर्चाची दुसरी वही सरकारी पथकाने आधीच लिहून ठेवलेली असते. खाली दिलेला क्रम उमेदवारांपेक्षा त्यांच्या पुतण्या-भाच्यांसाठी आणि मंडळाच्या खजिनदारांसाठी आहे, कारण वही शेवटी त्यांच्याच गळ्यात पडते.

## १. आधी ठरवा: निवडणूक कोणत्या आयोगाची?

सर्वाधिक घोळ इथेच होतो. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाकडे. दोन्हींचे नमुने, मर्यादा आणि कायदे वेगळे. विधानसभेला वापरलेली फाइल महापालिकेला ‘तशीच भरून’ देणारे दर वेळी भेटतात. गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, साखर कारखाना यांच्या निवडणुका सहकार कायद्याखालच्या. त्यांचं इथे काही लागू नाही.

मर्यादा अशा: विधानसभेला जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत ‘ड’ वर्ग महापालिकांना उमेदवारामागे ९ लाखांची मर्यादा होती. कोल्हापूर आणि इचलकरंजी दोन्ही त्यातच. जिल्हा परिषदेत ६१ ते ७० गट असतील तर गटाच्या उमेदवाराला साडेसात लाख आणि पंचायत समितीच्या गणाला सव्वापाच लाख. आपली कोल्हापूर जिल्हा परिषद याच टप्प्यात बसते. ग्रामपंचायतीची मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते आणि थेट सरपंचाची वेगळी असते. तो आकडा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या पत्रावरून घ्या, मागच्या वेळच्या आठवणीवरून नको.

सावधान: हिशेब फक्त निवडून आलेल्यानेच द्यायचा असतो, हा समज मोडून काढा. पडलेल्याने द्यायचा, डिपॉझिट गेलेल्यानेही द्यायचा. खर्च शून्य असला तरी शून्याचा हिशेब द्यायचा. मुदत निकालापासून ३० दिवस. न देणारा विधानसभा-लोकसभेत लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १०-अ खाली ३ वर्षं अपात्र ठरू शकतो. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४-ब खाली तर ५ वर्षं. करवीर तालुक्यातले एक गृहस्थ थोडक्या मतांनी पडले आणि रागाने वही माळ्यावर टाकली. पुढच्या खेपेला छाननीच्या टेबलावर विरोधकाने अपात्रतेचा आदेश काढून दाखवला, तेव्हा त्यांना त्या वहीची आठवण झाली.

## २. अर्ज भरण्याआधी: माणूस आणि खातं

माणूस. हिशेब लिहिणारा एकच ठेवा. तो प्रचारात फिरणारा नको, संध्याकाळी एका जागी सापडणारा हवा. दूध सोसायटीचा निवृत्त सचिव या कामाला मी डोळे झाकून निवडतो. त्याला रोजकीर्द लिहायची सवय असते आणि ‘पावती आण, मग पैसे’ म्हणायला तो लाजत नाही.

खातं. विधानसभा-लोकसभेला अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडलेलं असलं पाहिजे. उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर, नाहीतर उमेदवार आणि निवडणूक प्रतिनिधी यांचं संयुक्त. बायकोबरोबरचं किंवा भावाबरोबरचं जुनं खातं चालत नाही. बायकोच निवडणूक प्रतिनिधी असेल तर गोष्ट वेगळी. सहकारी बँक किंवा पोस्टही चालतं. स्थानिक निवडणुकीलाही स्वतंत्र खातंच लागतं. कोणत्या बँका चालतील ते निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनेत बघा.

नियम एक दिवसाचा असला तरी तुम्ही आठवडाभर आधी लागा. केवायसी, चेकबुक, मोबाइल जोडणी यात चार दिवस जातात आणि मध्ये एक रविवार येतोच.

तपासा: यूपीआय ॲपमध्ये हेच खातं जोडलंय ना? उमेदवाराच्या फोनमध्ये आधीपासून पगाराचं खातं असतं आणि स्कॅन केलं की पैसे सवयीने तिथून जातात. मी उमेदवाराला प्रचारापुरता वेगळा फोन घ्यायला लावतो.

## ३. पैसा आत कसा येतो ते लिहा

स्वतःचे पैसे असले तरी आधी या खात्यात भरायचे आणि मग खर्चायचे. घरातल्या कपाटातून थेट मंडपवाल्याला दिलेले पाच हजार म्हणजे हिशेबाबाहेरचे पाच हजार.

येणाऱ्या प्रत्येक रकमेपुढे देणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि ती देणगी, कर्ज की पक्षाचा निधी हे लिहा. विधानसभा-लोकसभेत १० हजारांवरची देणगी किंवा कर्ज रोखीत घेता येत नाही. पक्षाने दिलेली रक्कम पक्षही आपल्या हिशेबात आयोगाला दाखवतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर प्रश्न तुम्हाला विचारला जातो, पक्षाला नंतर. म्हणून जिल्हा कार्यालयाकडून तारीख आणि रकमेचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. निकालानंतर तिथे फोन उचलायलाही कोणी नसतं.

निवडणूक रोख्यांबद्दल अजून विचारणा होते. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली आणि ती पक्षांच्या देणग्यांसाठी होती. तुमच्या वहीत तिचा रकानाच नाही.

पाकिटाऐवजी वस्तू येते तेव्हा लोक हमखास चुकतात. मित्राने सुमो फुकट दिली, मामाने हॉल दिला, साउंडवाल्याने ‘आपलाच माणूस’ म्हणून पैसे घेतले नाहीत. तरी बाजारभावाने किंमत लावून ती खर्चात धरायची, कारण अधिकाऱ्याकडे वाहनापासून वडापावापर्यंत सगळ्याचं दरपत्रक असतं. ते दरपत्रक पहिल्याच दिवशी मागून घ्या. एखादा दर कोल्हापूरच्या बाजाराला सोडून वाटला तर हरकत तेव्हाच लेखी द्या.

## ४. कोणता खर्च कोणाच्या खात्यात

अर्ज भरल्याच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, उमेदवाराने किंवा प्रतिनिधीने केलेला किंवा मान्य केलेला सगळा खर्च मोजला जातो. आधी छापून ठेवलेले पण अर्जानंतर वापरलेले झेंडे, टोप्या, पत्रकं यांचाही त्यात हिशेब धरतात. “ते दिवाळीच्या शुभेच्छांचे होते” हे उत्तर नावासमोर चिन्ह छापलेलं असलं की चालत नाही.

पक्षाने उमेदवाराचं नाव न घेता केलेला सर्वसाधारण प्रचार पक्षाच्या खात्यात जातो आणि पक्षाच्या खर्चाला कायद्यात मर्यादा नाही. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्चही उमेदवारावर पडत नाही. पण तुम्ही त्याच व्यासपीठावर बसलात किंवा सभेत तुमच्या नावाचा फलक लागला, तर सभेचा खर्च तुमच्याकडे येतो. व्यासपीठावर तीन उमेदवार असतील तर तिघांत वाटून.

आता कोल्हापूरच्या पेठांचा खास प्रश्न: तालीम मंडळं. मंडळाने स्वतःच्या उत्साहाने चौकात तुमचा वीस फुटी फ्लेक्स लावला तर पैसे कोणाचे? उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, दंड १० हजारांपर्यंत. परवानगी दिली असेल तर खर्च तुमच्या वहीत. म्हणजे मधला रस्ता नाही. मंडळाला आधीच सांगा: एक तर कागद घ्या आणि बिल द्या, नाहीतर फ्लेक्स उतरवा. हे सांगताना तोंड वाईट होतं, पण पथकाने फोटो काढल्यावर जास्त वाईट होतं.

सावधान: कार्यकर्त्यांचं जेवण खर्चात बसतं. मतदारांच्या गल्लीला घातलेला तांबडा-पांढरा खर्चात लिहिला म्हणून कायदेशीर होत नाही. मताच्या बदल्यात खाऊ घालणं लाचेत मोडतं. वहीत ‘जेवण ३०० ताटं’ लिहून तुम्ही स्वतःच पुरावा तयार करता.

## ५. रोजची नोंद

मुख्य काम हेच आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

विधानसभा-लोकसभेत अर्ज भरताना मिळणाऱ्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा सगळा खर्च, उधारीसकट. गुलाबीवर रोख. पिवळ्यावर बँक. स्थानिक निवडणुकीत राज्य आयोगाचा आपला नमुना असतो आणि रोजचा खर्च ठरलेल्या वेळेत कळवायचा असतो. ट्रू व्होटर ॲपवर भरायचीही सोय केलेली आहे. ॲपवर भरलं तरी पावत्यांची फाइल लागतेच.

प्रत्येक खर्चापुढे निवडणूक नियमांनुसार इतक्या गोष्टी हव्यात: खर्च केला किंवा ठरवला ती तारीख, खर्च कशाचा, रक्कम, त्यातले दिलेले किती आणि बाकी किती, पैसे दिल्याची तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, पावतीचा अनुक्रमांक. उधारी असेल तर बिलाचा क्रमांक आणि पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव-पत्ता.

‘ठरवला ती तारीख’ हे शब्द लोक वाचतच नाहीत. एक उदाहरण बघू. शनिवारी कोपरा सभा आहे. गुरुवारी मंडपवाल्याशी स्टेज ७,५०० आणि ३०० खुर्च्या ६ रुपयांनी १,८००, मिळून ९,३०० ठरले. यूपीआयने ३,००० इसार दिला. नोंद गुरुवारच्या तारखेलाच ९,३०० ची होईल: दिले ३,०००, बाकी ६,३००. ‘सभा झाल्यावर बघू’ असं नाही. शुक्रवारी खात्यातून १०,००० रोख काढले. शनिवारी साउंडला ४,०००, हलगीवाल्यांना ३,०००, अडीचशे चहाचे २,५०० रोख दिले. सोमवारी मंडपवाल्याला उरलेले ६,३०० चेकने.

पांढऱ्या पानावर एकूण १८,८००. गुलाबी पानावर जमा १०,०००, खर्च ९,५००, शिल्लक ५००. पिवळ्या पानावर गुरुवारी ३,०००, शुक्रवारी काढलेले १०,०००, सोमवारी ६,३००. आता ताळा करा: चेक-यूपीआयचे ९,३०० आणि रोखीचे ९,५०० मिळून १८,८००. जुळलं. ते ५०० रुपये खिशात मोजून बघा, तेवढेच आहेत का. रोज रात्री हा ताळा केला तर निकालानंतर माझ्याकडे यायची गरजच पडत नाही.

याच उदाहरणात सापळा आहे. विधानसभा-लोकसभेत एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १० हजारांपर्यंतच रोख देता येते. दिवसाला नव्हे, बिलाला नव्हे. समजा मंडपवाल्याला ९,३०० रोख दिले, ‘दहाच्या आत आहे की’ म्हणून. पुढच्या शनिवारी पुन्हा त्याचाच मंडप. बेरीज १८,६००, नियम मोडला आणि मागे जाऊन दुरुस्तही करता येत नाही. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची शक्यता आहे त्याला पहिल्यापासून चेक किंवा यूपीआयच. तीन वेगवेगळ्या तारखांच्या पावत्या करून घेण्याची युक्ती बरेच जण सुचवतात. पावतीवर दुकान एकच असतं, ते पथकालाही वाचता येतं.

पॅनेल असेल तर. कोल्हापूर महापालिकेत २०१५ ला एका प्रभागात एक नगरसेवक होता. २०२६ ला २० प्रभाग झाले, १९ मध्ये चार आणि एकात पाच, मिळून ८१. त्यामुळे एका फ्लेक्सवर चार चेहरे आले आणि बिल एकाच्या नावावर. असा खर्च चौघांत विभागून प्रत्येकाच्या वहीत आला पाहिजे. वरची सभा पॅनेलची असेल तर प्रत्येकी ४,७००. दुकानदाराकडून चार बिलं मागा. ते जमत नसेल तर एका बिलामागे चौघांच्या सह्यांनी वाटा लिहा आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून द्या. एका उमेदवाराचं म्हणणं होतं, फ्लेक्सवर माझा फोटो लहान आहे, म्हणून वाटाही लहान. बाकीच्या तिघांनी मान्य केलं नाही, आणि बरोबर केलं.

पावतीचं काय. पोस्टाची तिकिटं, रेल्वे प्रवास अशा ठिकाणी पावती मिळणं शक्य नसतं, तिथे सवलत आहे. चहाच्या गाड्याला ती नाही. गाडेवाल्याकडे पावतीपुस्तक नसतं, म्हणून मी कोरी व्हाउचरं छापून कार्यकर्त्यांच्या हातात देतो. तारीख, नाव, पत्ता, किती कप, काय दराने, रक्कम, सही किंवा अंगठा. पेट्रोल पंपाच्या स्लिपेची त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि पाठीमागे गाडीचा नंबर लिहा. त्या कागदावरची शाई महिनाभरात उडते, म्हणजे नेमकी हिशेब द्यायच्या आठवड्यात.

कार्यकर्त्याने स्वतःच्या फोनवरून पैसे भरले तर? ‘नंतर देतो’ हा शब्द वहीत बसत नाही. पहिल्या बैठकीतच सांगा, खिशातून कोणी भरायचं नाही. हिशेबनीसाला फोन करायचा, तो खात्यातून पाठवतो.

तपासा: प्रचारातल्या गाडीत ५० हजारांवर रोख सापडली तर पथक ती जप्त करू शकतं. रोख लागेल तेवढीच काढा आणि बँकेची स्लिप गाडीत ठेवा.

## ६. छपाई, फ्लेक्स आणि मोबाइल

पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजे. छापण्याआधी प्रकाशकाने सही केलेलं, ओळखीच्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ मोडलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद, २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छापखानेवाल्यांना हे पाठ असतं. चुकतो तो कॉम्प्युटरवर डिझाइन करून परगावाहून प्रिंट मागवणारा भाचा. प्रतींची संख्या बिलावर आणि पत्रकावर एकच हवी. बिलावर दोन हजार आणि पत्रकावर पाच हजार, हे मी पाहिलंय.

सोशल मीडियाचा खर्च मोजला जात नाही असं समजू नका. जाहिरातीसाठी कंपनीला दिलेले पैसे, रील बनवणाऱ्याचे पैसे, पोस्ट टाकणाऱ्या मुलांचा मेहनताना, सगळं खर्चात. विधानसभा-लोकसभेत टीव्ही, रेडिओ, सोशल मीडिया जाहिराती आणि एकगठ्ठा पाठवायचे व्हॉइस मेसेज यांना आधी माध्यम समितीचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज प्रसारणाच्या तीन दिवस आधी द्यायचा असतो. ‘आज रात्री सोडायचंय’ म्हणून धावत जाऊन काही होत नाही.

## ७. तपासणी आणि नोटीस

विधानसभा-लोकसभेत प्रचाराच्या काळात निदान तीन वेळा नोंदवही तपासणीला न्यावी लागते. तारखा आधी कळतात. त्या दिवशी वही घरी ‘अपडेट करायची राहिली’ म्हणून गेलं नाही तर नोटीस येते, पुढे प्रचारगाड्यांची परवानगीही जाऊ शकते.

तपासणीत तुमच्या वहीशेजारी पथकाची छाया नोंदवही ठेवतात. त्यात तुमच्या सभेचं चित्रीकरण पाहून मोजलेल्या खुर्च्या, गाड्या, टोप्या असतात. तफावत निघाली तर ४८ तासांत लेखी उत्तर द्यायचं. तुमच्या सभेत २०० खुर्च्या होत्या आणि त्यांनी ३०० लिहिल्या, तर मंडपवाल्याचं डिलिव्हरी चलन जोडा. तोंडी वाद घालू नका. आणि ज्या रकमा खरंच राहिल्या होत्या त्या मान्य करून वहीत घ्या. मर्यादेत जागा असताना चार हजारांसाठी भांडणारे उमेदवार मला कधी कळले नाहीत.

एक बारीक गोष्ट. उत्तराच्या जुन्या मसुद्यांत भारतीय दंड संहितेचं कलम १७१-आय आणि १७१-एच असतं. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची १७७ आणि १७६ आली. १७७ म्हणजे हिशेब न ठेवणं, दंड ५ हजारांपर्यंत. जुना मसुदा कॉपी केला की समोरच्याला पहिल्या ओळीतच कळतं की तुम्ही वाचलेलं नाही.

## ८. मतदान ते निकाल

मतदान संपलं की कार्यकर्ते पांगतात आणि वही बंद पडते. पण बूथवरच्या पोलिंग एजंटांचा चहा-नाश्ता, मतमोजणीच्या प्रतिनिधींची गाडी हे अजून यायचं असतं. निकालाचा दिवस खर्चाच्या काळात धरलेला आहे, तेव्हा त्या दिवशीच्या हलगीची आणि गुलालाची पावतीही घेऊन ठेवा.

उधारीची यादी करून सगळ्यांची अंतिम बिलं आठ दिवसांत मागा. पडलेल्या उमेदवाराच्या बाबतीत हे काम दुप्पट जड जातं. तो फोन घेत नाही आणि बिलवाले माझ्याकडे येतात.

## ९. शेवटची फाइल

मुदतीचे दिवस कॅलेंडरवर मोजा. महापालिकेचा निकाल १६ जानेवारी २०२६ ला लागला. तिसावा दिवस १५ फेब्रुवारी, तो रविवार आणि त्यात महाशिवरात्र. शेवटच्या दिवशी जायचं ठरवलेल्यांना कुलूप दिसलं असतं. विसाव्या दिवसापर्यंत फाइल तयार ठेवा. विधानसभा-लोकसभेत निकालानंतर २६ व्या दिवशी हिशेब जुळवणीची बैठक असते. तिथे मसुदा घेऊन जा. तफावत मिटवायची ती शेवटची सोयीची जागा.

फाइल या क्रमाने लावा:

१. गोषवारा आणि त्याची परिशिष्टं, एकही रकाना कोरा न ठेवता. नसेल तिथे ‘निरंक’ लिहा.
२. नोंदवहीची मूळ पानं.
३. बँकेचं विवरणपत्र, खातं उघडल्यापासून.
४. पावत्या. पैसे दिल्याच्या तारखेच्या क्रमाने लावून क्रमांक टाकलेल्या. पहिल्या वर्षी मी त्या मंडप, वाहन, छपाई अशा गठ्ठ्यांत लावल्या आणि रात्रभर बसून पुन्हा लावल्या.
५. न दिलेल्या बिलांची यादी.
६. नोटिसा आणि त्यांना दिलेली उत्तरं.
७. प्रतिज्ञापत्र.

सही उमेदवाराचीच पाहिजे. पुतण्याची नव्हे, ‘करिता’ म्हणून नव्हे.

तपासा: गोषवाऱ्याची बेरीज, पांढऱ्या पानांची बेरीज आणि पावत्या अधिक उधारी यांची बेरीज. तिन्ही आकडे एक आले नाहीत तर घरातून निघू नका.

## १०. पोच आणि त्यानंतर

फाइल दिल्यावर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. साहेब बाहेर गेलेत, उद्या या, असं उत्तर मिळालं तर आवक विभागात नोंद करून क्रमांक घ्या. मुदतीत दिलेला हिशेब पोच नाही म्हणून ‘न दिलेला’ ठरल्याचं प्रकरण मी निस्तरलेलं आहे. त्यात दोष कोणाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही, हेलपाटे मात्र उमेदवाराने मारले.

लोकसभा-विधानसभेत त्यानंतर आयोगाकडून कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तराला २० दिवस असतात. उत्तराची प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यालाही द्यायची. हिशेब वेळेत दिला एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की हिशेब खरा आहे की नाही हेही आयोग तपासू शकतो.

निवडून आलेल्यासाठी आणखी एक तारीख: लोकसभा-विधानसभेत निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत दाखल होऊ शकते आणि मर्यादेपेक्षा जास्त खर्च हे तिचं एक कारण असू शकतं. तुमचा हिशेब विरोधकाला ठरलेलं शुल्क भरून पाहता येतो, नक्कल काढता येते. तुम्हीही त्याचा पाहू शकता. त्यामुळे दिलेल्या फाइलची पूर्ण झेरॉक्स, डिलिव्हरी चलनं आणि ती मूळ पिशवीसुद्धा जपून ठेवा. बँक खातं शेवटचा चेक वटेपर्यंत बंद करू नका. हलगीवाले चेक लवकर बँकेत टाकत नाहीत.